अल्टरनेटर दोनदा बदलला, तरी काटा नाचतोच : छोट्या विमानातला चार्जिंगचा दोष कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार आसनांचे, एका पिस्टन इंजिनाचे, १४ व्होल्ट प्रणालीचे जुने विमान. उड्डाणात ॲमीटरचा (प्रवाह मोजणाऱ्या मीटरचा) काटा सतत थरथरतो आणि पॅनेलचे दिवे त्याच तालावर मंद-तेज होतात. अधूनमधून, साधारण चाळीस मिनिटांनी, अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर फिरून वीज देणारे यंत्र) पूर्ण बंद पडतो. मास्टर स्विचची (बॅटरी आणि अल्टरनेटर अशा दोन अर्ध्या भागांच्या मुख्य स्विचची) अल्टरनेटरची बाजू बंद करून पुन्हा चालू केली की परत कामाला लागतो. वर्कशॉपने आधी रेग्युलेटर (अल्टरनेटरचे व्होल्टेज ठरावीक पातळीवर राखणारा भाग) बदलला, मग अल्टरनेटर, मग पुन्हा अल्टरनेटर. दोष जागच्या जागी. मधल्या काळात बॅटरी दोनदा पूर्ण उतरली, तेव्हा बाहेरून वीज जोडून इंजिन चालू केले आणि विमान नेले. आता बॅटरी बदलावी का, असे विचारले आहे.

अजून काहीही विकत घेऊ नका. तुम्ही सांगितलेल्या दोन तक्रारी, म्हणजे नाचणारा काटा आणि चाळीस मिनिटांनी होणारी सुट्टी, या मला एकाच दुखण्याच्या दोन खुणा वाटतात. ते दुखणे अल्टरनेटरमध्येही नाही आणि रेग्युलेटरमध्येही नाही. ते बसबारपासून (सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्टीपासून) रेग्युलेटरपर्यंत जाणाऱ्या वायरच्या वाटेत कुठेतरी बसलेले असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. का, ते सांगतो. म्हणजे मोजताना आपण काय शोधतोय हे तुमच्याही डोक्यात राहील.

अल्टरनेटर स्वतःहून वीज तयार करत नाही. त्याच्या फिरत्या भागात, रोटरमध्ये, एक गुंडाळी असते. तिच्यात थोडा प्रवाह सोडला की ती चुंबक बनते आणि भोवतालच्या स्थिर गुंडाळ्यांत वीज उमटते. हा थोडा प्रवाह म्हणजे फील्डचा प्रवाह, १४ व्होल्टच्या विमानात जास्तीत जास्त दोन-तीन अँपिअर. त्याची वाट अशी : बसबार, मग पाच अँपिअरचा फील्ड ब्रेकर (प्रवाह फार वाढला की आपोआप उडणारा सुरक्षा स्विच), मग मास्टर स्विचचा अल्टरनेटरचा अर्धा भाग, मग ओव्हरव्होल्टेज रिले (व्होल्टेज फार चढले की फील्ड तोडणारा स्विच), मग रेग्युलेटर, तिथून फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधली भिंत) ओलांडून अल्टरनेटरचे एफ (फील्ड) टर्मिनल, फिरत्या रोटरला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश आणि स्लिप रिंग, रोटरची गुंडाळी आणि शेवटी इंजिनच्या धातूतून अर्थ, म्हणजे विमानाचा धातूचा सांगाडा, जो विजेचा परतीचा रस्ता असतो. साठ अँपिअरचा जाड रस्ता सगळ्यांना दिसतो आणि सगळे त्याच्याच मागे लागतात. पण साठ अँपिअरचा कारभार चालतो तो या तीन अँपिअरच्या बारीक वायरच्या हुकमावर.

आता गोम इथे आहे. जुन्या, साध्या रेग्युलेटरांत रोटरला प्रवाह पुरवणारी वायर आणि बसबारचे व्होल्टेज ‘पाहणारी’ वायर एकच असते. ही वाट स्वच्छ आहे तोवर काही बिघडत नाही. पण वीस-तीस वर्षे वापरलेल्या स्विचचे संपर्क काळवंडतात, ब्रेकरचे आतले टोक झिजते, एखादा लग (वायरच्या टोकावरचा धातूचा जोड) सैल पडतो. या सगळ्यांचा मिळून समजा ०.२ ओहमचा अडथळा तयार झाला. तीन अँपिअर वाहत असताना तिथे ०.६ व्होल्ट पडतात. बसबारवर १४.० आहेत, पण रेग्युलेटरला दिसतात १३.४. त्याला वाटते चार्जिंग कमी आहे, म्हणून तो आणखी फील्ड सोडतो आणि बसबार वर चढतो. मग तो फील्ड तोडतो. प्रवाह थांबला की ती ०.६ व्होल्टची तूटही नाहीशी होते, आणि आता त्याला एकदम चढलेले व्होल्टेज दिसते, म्हणून तो जरुरीपेक्षा जास्त वेळ गप्प बसतो. बसबार खाली येतो, पुन्हा तेच चक्र. हाच तो नाच. रेग्युलेटर बिचारा नेमून दिलेले काम नीटच करतोय, त्याला माहिती चुकीची मिळतेय.

आणि चाळीस मिनिटांचे काय? इंजिन चालू करताना बॅटरीतून काही वीज खर्च झालेली असते. पहिला अर्धा तास ती भरून घेते, आणि भुकेली बॅटरी स्पंजासारखी असते : व्होल्टेजची वरची टोके ती स्वतःत शोषून घेते. एकदा ती भरली की शोषणारे कोणी उरत नाही आणि तीच टोके उंच जाऊ लागतात. तेवढ्याच वेळात पॅनेलच्या मागची हवाही तापते आणि खराब संपर्काचा अडथळा वाढतो. एखादे टोक ओव्हरव्होल्टेज रिलेच्या मर्यादेला, १४ व्होल्टच्या प्रणालीत साधारण १६ ते १६.५ व्होल्टला, शिवले की रिले फील्ड तोडून टाकतो आणि तसाच अडकून राहतो. अल्टरनेटरची बाजू बंद केली की त्याची वीज जाते, तो सुटतो, आणि पुन्हा चालू केल्यावर सगळे सुरळीत दिसते. तुमचे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते.

तरी एक शंका मनात ठेवा. स्विच खालीवर केल्याने रिले सुटतो हे खरे, पण घाणेरडा स्विच खालीवर केल्याने त्याचे संपर्क घासून तात्पुरते साफही होतात. दोन्हींचा परिणाम वरून एकसारखाच दिसतो. म्हणून अंदाजावर थांबायचे नाही, मोजायचे. आणि हे सगळे परवानाधारक अभियंत्याबरोबर करा. विमानाच्या वायरिंगला हात लावणे म्हणजे नोंदवहीत सही लागणारे काम.

पहिले मोजमाप इंजिन बंद ठेवून. बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरा आणि काही तास निवांत राहू द्या. १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असेल तर टोकांवर १२.७ च्या आसपास दिसायला हवे (२४ व्होल्टची असेल तर २५.४). काऊलिंग (इंजिनावरचे झाकण) उघडा. चाव्या काढून खिशात ठेवा, मॅग्नेटोचा (बॅटरीशिवाय इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचा) स्विच बंद असल्याची खात्री करा, आणि तरीही प्रोपेलरच्या फिरण्याच्या रेषेत उभे राहू नका. मॅग्नेटोची अर्थची वायर तुटलेली असली तर स्विच बंद असूनही इंजिन अचानक चालू होऊ शकते.

आता मास्टरच्या दोन्ही बाजू चालू करा. इंजिन बंद असल्याने रेग्युलेटरला बसबारवर फक्त बारा-साडेबारा दिसतात, म्हणून तो फील्ड पूर्ण उघडतो. म्हणजे या बारीक वाटेतून आता जास्तीत जास्त प्रवाह वाहतोय, आणि आपल्याला हवे तेच आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बसबारला पक्के चिमट्याने लावा आणि दुसरे टोक वाटेवरच्या एकेका ठिकाणी टेकवत जा : ब्रेकरच्या पलीकडे, स्विचच्या अलीकडे, स्विचच्या पलीकडे, रिलेच्या पलीकडे, रेग्युलेटरच्या तोंडाशी. बसबारवर किती आणि पुढे किती, असे दोन मोठे आकडे घेऊन वजाबाकी करत बसू नका. मीटरला थेट तूटच दाखवू द्या. स्वच्छ वाटेत रेग्युलेटरच्या तोंडापर्यंत मिळून ०.१ ते ०.२ व्होल्ट पडतात. ०.३ दिसले की मी शोधायला लागतो आणि ०.५ च्या वर गेले की दोष सापडला असे समजतो. ज्या दोन ठिकाणांच्या मध्ये आकडा उडी मारेल, तिथेच दुखणे. हे काम दोन-तीन मिनिटांत उरका, कारण स्थिर रोटर तापतो आणि बॅटरीही उतरते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हे काम ओहममीटरने करू नका. मी एकदा असाच काटा नाचणाऱ्या एका विमानाचा दोष शोधताना दोन दिवस घालवले ते याच चुकीमुळे. एफ टर्मिनलकडे जाणारी वायर एका क्लॅम्पपाशी आवरणाच्या आत तुटलेली होती. बाहेरून प्लास्टिक धडधाकट, आत एकोणीस तारांपैकी दोनच शाबूत. ओहममीटर चाचणीसाठी मिलिअँपिअर सोडतो, आणि तेवढ्याला दोन तारा पुरतात, म्हणून त्याने दर वेळी ‘वाट मोकळी’ असेच सांगितले. तीन अँपिअरला ती वाट पुरत नव्हती. संशयित वायर तपासायचीच असेल तर ती दोन्हीकडून सोडवा आणि तिच्यातून मोटारीच्या ब्रेकलाइटचा २१ वॅटचा दिवा पेटवून बघा. तो बारा व्होल्टला पावणेदोन अँपिअर घेतो. दिवा लागलेला असताना वायर हलवा, वाकवा, दाबा. दिव्याने डोळा मिचकावला की समजा.

बसबार ते रेग्युलेटर ही वाट निर्दोष निघाली, तर त्याच अवस्थेत, मास्टर चालू आणि इंजिन बंद, अल्टरनेटरच्या एफ टर्मिनलवर मोजा. बसबारपेक्षा व्होल्ट-दीड व्होल्ट कमी, म्हणजे साधारण अकरा, दिसले की रेग्युलेटरपर्यंतचे आणि रेग्युलेटरचे काम ठीक आहे. शून्य दिसले तर त्याच वाटेने मागे-मागे मोजत या. आणि अकरा असूनही अल्टरनेटर काम करत नसेल, तर एक जुनी, सोपी युक्ती वापरा : पोलादी स्क्रूड्रायव्हर अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्या. रोटरमध्ये प्रवाह असेल तर तो खेचला जातो, हाताला स्पष्ट जाणवते. मास्टर बंद केला की सुटतो. ओढ लागत नसेल तर ब्रश झिजलेले, स्लिप रिंगवर तेल आलेले, नाहीतर रोटरची गुंडाळी तुटलेली. इंजिनच्या पुढच्या सीलमधून गळणारे तेल ब्रशवर बसलेले मी बरेचदा पाहिले आहे. अशा वेळी अल्टरनेटर कितीही वेळा बदलला तरी दोष परततो, कारण गळती तशीच असते.

आता अर्थिंग. याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जाते. रेग्युलेटरचे धातूचे खोके हेच पुष्कळदा त्याचे अर्थ टर्मिनल असते. फायरवॉलवर रंगाच्या थरावर ते घट्ट बसवले किंवा स्क्रूखाली गंज असला, तर रेग्युलेटर आपले मोजमाप चुकीच्या शून्यापासून करतो. अर्थमध्ये ०.५ व्होल्टची तूट असेल तर तो बसबार तेवढाच जास्त चढवतो. नवा रेग्युलेटर लावल्यानंतर ‘व्होल्टेज जास्त येतेय’ म्हणून त्याच्या सेटिंगच्या स्क्रूला हात घालणारे मी पाहिले आहेत. आधी त्याच्या पायाखालचा रंग खरवडायला हवा होता. इंजिन चालू असताना रेग्युलेटरचे खोके आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात ०.१ व्होल्टच्या आत आकडा हवा. मीटरचे चिमटे इंजिन बंद असतानाच लावून, वायरी बांधून कॉकपिटमध्ये घ्या. चालू इंजिनाजवळ मीटर घेऊन कोणीही उभे राहायचे नाही.

इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी विणलेली पट्टीही याच वेळी बघा. इंजिन रबरी पायांवर बसलेले असते, त्यामुळे त्याचा विजेचा परतीचा रस्ता म्हणजे ही एकच पट्टी. ती तुटली तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह थ्रॉटलच्या आणि मिक्स्चरच्या केबलमधून वाट काढतो. स्टार्टर मारल्यावर थ्रॉटलची मूठ किंवा केबल कोमट लागली, तर त्याच क्षणी काम थांबवा आणि पट्टी तपासा.

तुमच्या विमानात कोणता ॲमीटर आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि त्यावरून बरेच गैरसमज होतात. मध्ये शून्य असलेला मीटर बॅटरीत जाणारा किंवा तिच्यातून येणारा प्रवाह दाखवतो. तिथे निरोगी विमानात अर्ध्या तासाच्या उड्डाणानंतर काटा शून्याच्या किंचित उजवीकडे, एक-दोन काट्यांच्या जाडीइतका, असतो. डावीकडे शून्य असलेला मीटर अल्टरनेटर किती देतोय ते दाखवतो. तिथे काटा शून्यावर येणे म्हणजे अल्टरनेटर मेला. पहिल्या प्रकारात शून्य ही चांगली बातमी, दुसऱ्यात सगळ्यात वाईट. एका विमानातून दुसऱ्यात जाणारे वैमानिक इथे हमखास फसतात. म्हणून व्होल्टमीटर नसेल तर तो आधी बसवून घ्या, असे मी आग्रहाने सांगतो. चालत्या इंजिनावर १३.८ ते १४.२, किंवा २८ व्होल्टच्या प्रणालीत २८.० ते २८.५, हा एक आकडा ॲमीटरपेक्षा कितीतरी जास्त बोलतो.

जमिनीवर सगळे आकडे चांगले आले आणि दोष फक्त हवेतच येत असेल, तर मग सापळा लावावा लागतो. मला आवडणारी पद्धत अशी : अभियंत्याकडून दोन बारीक वायरी तात्पुरत्या बांधून घ्या, एक बसबारवरून आणि एक अल्टरनेटरच्या एफ टर्मिनलवरून. दोन्हींना उगमापाशीच एक अँपिअरचा फ्यूज. दोन छोटे व्होल्टमीटर कॉकपिटमध्ये. दिवसा, स्वच्छ हवामानात, विमानतळाच्या जवळ उडा आणि आकडे वाचायला दुसरा माणूस बरोबर घ्या. वैमानिकाने फक्त विमान उडवायचे. निरोगी अवस्थेत बसबारवर १४ आणि फील्डवर मधलाच कुठलातरी, लोडप्रमाणे कमीजास्त होणारा, काही व्होल्टचा आकडा दिसेल.

अल्टरनेटर सुटेल त्या क्षणी तीनपैकी एक चित्र दिसते. बसबार १२.५ वर घसरला आणि फील्डही शून्य झाले, तर वीज रोटरपर्यंत पोहोचतच नाही : ब्रेकर, स्विच, रिले, रेग्युलेटर, वायर यांपैकी काहीतरी. बसबार १२.५ वर घसरला पण फील्ड अकरापर्यंत चढले, तर रेग्युलेटर जीव तोडून मागतोय आणि अल्टरनेटर देत नाही : तापल्यावर आतून तुटणारी रोटरची गुंडाळी, ब्रश, घसरणारा पट्टा, किंवा एफ टर्मिनलपलीकडची अर्थ. आणि सुटण्याच्या आधी बसबार १६ च्या दिशेने उसळला असेल, तर रिलेने आपले काम केले. रेग्युलेटर, त्याची अर्थ आणि ती बारीक वाट यांच्याकडे पुन्हा वळा. तुमच्या बाबतीत मला या तिसऱ्या चित्राची अपेक्षा आहे. एकच उड्डाण, दोन आकडे, आणि निम्मे विमान संशयाच्या यादीतून बाहेर पडते.

पट्ट्याबद्दल थोडेच. पट्ट्याचा घसरा जास्त लोडला आणि पावसाळी दमट हवेत जास्त जाणवतो, पुलीच्या खाचा आरशासारख्या चकचकीत होतात आणि काळी पूड आजूबाजूला दिसते. नवा पट्टा ताणला जातो, म्हणून पहिल्या पंचवीस तासांनंतर ताण पुन्हा तपासायचा असतो. ज्या इंजिनांत अल्टरनेटर पट्ट्याऐवजी इंजिनच्या गिअरवर थेट बसतो, तिथे मधल्या कपलिंगकडे फार गांभीर्याने बघा. ते झिजले की चार्जिंग तर जातेच, पण त्याचे तुकडे इंजिनच्या तेलात जाऊ शकतात. उत्पादकाने दिलेली घसर-ताकदीची चाचणी (कपलिंग किती जोराला घसरते ती) प्रत्येक वेळी करून घ्यावी, ती ऐच्छिक समजू नये.

डायोडची (अल्टरनेटरची एसी वीज डीसी करणाऱ्या भागांची) खूण वेगळी आहे. हेडसेटमध्ये इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी-उतरणारी बारीक शीळ ऐकू येत असेल तर सहापैकी एखादा डायोड गेला असण्याची शक्यता आहे. त्याने चार्जिंग पूर्ण थांबत नाही, फक्त लोड वाढल्यावर अल्टरनेटर पुरा पडत नाही. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बसबारवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर लहरी दिसल्या तर अल्टरनेटर उघडायला हवा. डायोड उलट बाजूने गळत असेल तर विमान नुसते उभे असतानाही बॅटरी उतरते. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या विमानाच्या अल्टरनेटरला हात लावून बघा. कोमट लागला तर उत्तर मिळाले.

फील्ड ब्रेकर उडत असेल तर त्याबद्दल एक वेगळा इशारा. काही विमानांतले ओव्हरव्होल्टेज मॉड्यूल असे रचलेले असते की व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की ते मुद्दाम वायर अर्थला टेकवते आणि पाच अँपिअरचा ब्रेकर उडवते. म्हणजे ‘ब्रेकर कमकुवत झालाय’ असे समजून तुम्ही जे परत दाबताय, ती खरे तर संरक्षणाची किंकाळी असते. ब्रेकर एकदाच दाबा. दुसऱ्यांदा उडाला तर जमिनीवर येईपर्यंत त्याला हात लावू नका. अनियंत्रित अल्टरनेटर बॅटरी उकळवतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि रेडिओ जळायला वेळ लागत नाही.

आता बॅटरी, आणि इथे मला जरा कठोर बोलावे लागेल. पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर बाहेरून वीज जोडून इंजिन चालू करणे आणि लगेच उड्डाण करणे, हे तुम्ही दोनदा केले. इंजिन मॅग्नेटोवर चालते, म्हणून काही झाले नाही. पण तुम्ही हवेत गेलात तेव्हा अल्टरनेटर बंद पडला असता तर मागे काहीच नव्हते, आणि हा तोच अल्टरनेटर जो चाळीस मिनिटांनी सुटतो हे तुम्हाला माहीत होते. ज्या विमानांची इंजिने संगणकावर चालतात तिथे याची किंमत फार मोठी आहे. मार्च २००७ मध्ये जर्मनीतल्या स्पायर इथे एका डायमंड डीए-४२ विमानाने उतरलेल्या बॅटरीनिशी, बाहेरच्या विजेवर इंजिने चालू करून उड्डाण केले. चाके वर घेताना मोटरने ओढलेल्या प्रवाहाने व्होल्टेज क्षणभर कोसळले, दोन्ही इंजिनांचे नियंत्रक संगणक पुन्हा सुरू होण्यात अडकले, आणि दोन्ही प्रोपेलर थांबले. दोन इंजिने होती, दोन अल्टरनेटर होते. व्होल्टेजचा तो खड्डा भरायला बॅटरी मात्र नव्हती.

तेव्हा तुमच्या बॅटरीची क्षमता चाचणी करून घ्या. नुसते व्होल्टेज बघून चालणार नाही, ठरलेला लोड लावून ती किती वेळ टिकते ते मोजायचे असते. नोंदवलेल्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या खाली आली तर ती उड्डाणयोग्य नाही, मग स्टार्टर कितीही जोरात फिरवत असो. शिसे-आम्ल बॅटरी दोनदा तळाला गेली असेल तर ती या चाचणीत नापास होण्याची शक्यता चांगलीच आहे. नापास झाली तर बदला. पण ती नाचणाऱ्या काट्याचे कारण नाही, हे लक्षात असू द्या. नवी बॅटरी टाकून दोष तसाच ठेवलात तर तीही उकळेल.

दुरुस्ती होईपर्यंत उडूच नका, हे माझे मत. तरीही अल्टरनेटर हवेत कधीतरी कोणाचाही जातो, म्हणून तेव्हाचे सांगतो. ब्रेकर बघा, अल्टरनेटरची बाजू एकदा बंद-चालू करा. परत आला नाही तर ती बाजू बंदच ठेवा, कारण मेलेल्या अल्टरनेटरचा रोटरही बॅटरीतून तीन अँपिअर पीत राहतो. मग लोड कमी करा. बारा व्होल्टला १०० वॅटचा लँडिंग लाइट आठ अँपिअर घेतो, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीवर बर्फ जमू न देणारा हीटर) जवळपास तेवढेच; रेडिओ नुसता ऐकताना अगदी थोडे घेतो, बोलताना कितीतरी पट. २५ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर २० अँपिअरचा लोड म्हणजे कागदावर सव्वा तास. पण इतक्या वेगाने उपसली तर तिची क्षमता कमी भरते, ती नवी नसते, आणि तुमच्या लक्षात येईपर्यंत काही मिनिटे आधीच गेलेली असतात. मी अशा वेळी अर्धा तास धरतो आणि जवळच्या धावपट्टीकडे वळतो. फ्लॅप किंवा चाके विजेवर चालत असतील तर त्यांच्यापुरती वीज राखून ठेवा. आणि वीज वाचवायला मास्टर पूर्ण बंद करण्याआधी एवढे ध्यानात घ्या की बॅटरीचा कॉन्टॅक्टर (बॅटरी बसबारला जोडणारा मोठा रिले) ओढून घ्यायलाही बॅटरीच लागते. ती फार उतरली असेल तर पुन्हा चालू करताना तो ओढला जाणार नाही.

‘बॅटरी पुरेल’ या हिशोबाने काय होते त्याचे उदाहरण ११ ऑक्टोबर १९८३ चे आहे. अमेरिकेतल्या एअर इलिनॉय कंपनीचे एचएस ७४८ हे प्रवासी विमान, उड्डाणानंतर लगेच डावा जनरेटर गेला, गोंधळात चालक दलाने चांगला असलेला उजवा वेगळा केला, आणि तो परत जोडला गेला नाही. मागे फिरायला विमानतळ जवळ होता. कॅप्टनने रात्री, ढगांत, बॅटरीवर पुढे जायचे ठरवले. वाटेत बॅटऱ्या संपल्या आणि पिंकनीव्हिलजवळ विमान पडले. दहा जण गेले. ते विमान तुमच्या-आमच्या विमानापेक्षा मोठे होते, पण हिशोब तोच.

आता उद्या सकाळी काय करायचे. मास्टर स्विचपासून सुरुवात करा. माझ्या हातून गेलेल्या नाचणाऱ्या काट्यांपैकी सर्वांत जास्त त्याच्यापाशी संपले. त्याखालोखाल फील्ड ब्रेकर आणि त्यांच्यावरचे सरकवून बसवायचे लग. एका विमानात लग बाहेरून नवाकोरा दिसत होता, पण हाताने ओढल्यावर वायर त्यातून अलगद बाहेर आली; तो वर्षानुवर्षे नुसता टेकून होता. म्हणून प्रत्येक लग बेताने ओढून बघा. स्विच जुना असेल तर साफ करत बसू नका, त्याच्या संपर्कांवरचा पातळ मुलामा एकदा गेला की साफसफाई महिनाभर टिकते. मान्यताप्राप्त सुटा भाग आणून बदला, ब्रेकरही त्याच वयाचा असेल तर तोही. अल्टरनेटरपेक्षा हे दोन्ही मिळून कितीतरी स्वस्त पडतील.

मग पुन्हा तीच मोजणी करा : बसबार ते रेग्युलेटर तूट, रेग्युलेटरच्या अर्थची तूट, क्रूझच्या फेऱ्यांवर बसबारचे व्होल्टेज, आधी सगळे बंद ठेवून आणि मग लँडिंग लाइट व पिटो हीट लावून. हे चारही आकडे तारखेसह नोंदवहीत लिहून ठेवा. पुढच्या वार्षिक तपासणीला तेच मोजले आणि ०.१५ चे ०.३ झालेले दिसले, तर काटा थरथरायला लागण्याच्या आधीच कुठला स्विच उघडायचा ते तुम्हाला कळलेले असेल.